सरकार पडलं

मी आजवर एकाच माणसाला तुरुंगात धाडलं आहे, आणि त्या कामाला मला पातळ कागदाचं एक पान पुरलं. अक्षर सुरेख होतं. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती, हे मी पेटीत टाकायच्या आधी दोनदा तपासलं होतं. बाकी सगळं पत्र म्हणजे एक सलग चूक होती, हे कळायला मात्र मला चार महिने लागले. वय बावीस, बी.ए.ला दुसरा वर्ग, लग्न ठरलेलं, आणि आपण फार विनोदी लिहितो अशी ठाम समजूत. आज कुणी अशी मुलगी माझ्यासमोर आणून उभी केली तर मी आधी तिच्या हातातलं पेन काढून घेईन आणि मग तिला जेवायला वाढीन.

आम्ही तेव्हा काशीत दूधविनायकाच्या गल्लीत भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर राहत होतो. आम्ही म्हणजे अण्णा, आई, मी आणि अण्णांची थोरली बहीण, आत्या. अण्णा विद्यापीठात हिंदू कायदा शिकवत. एकत्र कुटुंब, वाटण्या, स्त्रीधन, दत्तक. घरात त्यांना स्वतःच्या ताटातल्या चटणीवरही हक्क सांगता येत नसे, ती गोष्ट वेगळी. घर चालवायची ती आत्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन सागरच्या सासरहून एक ट्रंक घेऊन भावाकडे परत आली, आणि आल्या आल्या कोठीच्या किल्ल्या कमरेला अडकवल्या त्या अडकवल्याच. त्या किल्ल्यांचा आवाज ही आमच्या घरातली घंटा. संकठादेवीच्या देवळातली घंटा वाजली की आम्ही हात जोडत असू. किल्ल्या वाजल्या की हात पाठीमागे लपवत असू, कारण हातात बहुतेक वेळा काहीतरी खाण्याचं असायचं.

आमच्या मराठीची पुण्याच्या पाहुण्यांना गंमत वाटे. एकदा मावशीने विचारलं, "तुम्ही लोक तरकारी चिरता की भाजी गं?" आई म्हणाली, "चिरतो तरकारी. शिजली की भाजी होते." आमचं सगळंच तसं होतं. खालची गल्ली हिंदी, जिना चढता चढता मराठी, आणि वर पोचेपर्यंत दोन्हीची आमटी. 'सरकार' हा शब्द त्याच जिन्याने वर आला. एका चातुर्मासात आत्याने कांदा बंद केला. अण्णा कोपऱ्यावरच्या दुकानातून कांद्याची कचौडी खाऊन आले, आईने वास ओळखला, आणि अण्णा हळूच म्हणाले, "सरकारला कळवू नका." त्या दिवसापासून आत्या सरकार झाली. आई विरोधी पक्ष, कारण ती चुलीच्या पलीकडे बसायची आणि सारखी पुटपुटायची. अण्णा राष्ट्रपती, पुढ्यात येईल त्या कागदावर सही करणारे. मी प्रजा. हे सगळं आत्याच्या पाठीमागे. किल्ल्या वाजल्या की अण्णा पुस्तकात डोकं घालून म्हणायचे, "अधिवेशन तहकूब." नऊ-दहा वर्षं आम्ही हा खेळ खेळलो आणि आत्याला त्याचा पत्ता नव्हता. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मी तेरा वर्षांची असताना अण्णांनी एका विद्यार्थ्याला घरी आणलं. जिन्याच्या तुळईला डोकं लागू नये म्हणून तो कमरेत वाकून वर आला आणि सरळ उभा राहिला तेव्हा आत्या म्हणाली, "अगं बाई, अजून येतोच आहे." त्याचं नाव कोजो. पश्चिम आफ्रिकेतल्या एका किनाऱ्याच्या देशातून शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला आला होता. देशाचं नाव मी लिहीत नाही, आडनावही लिहीत नाही. तिकडे त्याची मुलंबाळं आहेत आणि मी एकदा लिहून काय केलं ते तुम्ही वाचणारच आहात. सोमवारी जन्मलेल्या मुलाला त्यांच्यात कोजो म्हणतात. ते ऐकून आत्या म्हणाली, "मग सोमनाथ म्हण ना सरळ." पण नाव बदललं म्हणून पंगत बदलली नाही. पहिले तीन महिने कोजोदादाला बाहेरच्या खोलीत पत्रावळीवर वाढलं जायचं, आणि आम्ही आत ताटांवर जेवायचो. मला त्यात काही वावगं दिसलं नाही हेही लिहून ठेवते. त्याला दिसलं असणार. जेवण झालं की तो पत्रावळ स्वतः उचलून खाली नेऊन टाकायचा.

पुढे श्रावणात एकदा आईने अळूची पातळ भाजी केली. शेंगदाणे, चण्याची डाळ, मुळ्याच्या चकत्या, चिंचगूळ, सगळं साग्रसंगीत. कोजोदादाने एक घास घेतला आणि हात थांबला. मग त्याने पत्रावळीतली भाजी बोटाने बाजूला सारून पान निरखलं आणि अण्णांना इंग्रजीत काहीतरी म्हणाला. "काय म्हणतोय?" आत्याने उंबरठ्यातून विचारलं. अण्णा म्हणाले, "म्हणतोय, हे आमचं आहे." आत्या उसळली. "त्याचं कुठलं? आमचं आहे ते, कोकणातलं." मग कळलं की त्यांच्याकडेही अशाच पानांची भाजी होते, शेंगदाणे घालून, आणि त्याची आई ती फार छान करते. आईचा विषय निघाला तसं त्याने पुढचंही सांगितलं. त्यांच्या जमातीत बापाची इस्टेट मुलाला जात नाही, बहिणीच्या मुलाला जाते. त्याचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आठव्या दिवशी वडिलांचा भाचा आला, घरात राहायला लागला, आणि आईला तीन मुलांसकट बाहेर पडावं लागलं. आईने फक्त तिचं उखळ मागितलं. ते दिलं नाही.

अण्णा एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि आत्या उंबरठ्यात उभी होती. तिच्या ट्रंकेत काय काय नव्हतं ते तिलाच ठाऊक. ती आत गेली, पाट आणला, आमच्या रांगेत मांडला आणि म्हणाली, "सोमनाथ, आत ये जेवायला. आणि दत्तू, त्याला सांग, उद्या तो दावा लढवेल तेव्हा उखळही लिहायचं यादीत." अण्णांनी ते सांगितलं. कोजोदादा वकील होणार होताच, पण कशाचा वकील होणार ते त्या पाटावर बसल्यावर ठरलं, असं तो पुढे सांगायचा. वकील लोक आपली गोष्ट जरा नेटकी करून सांगतात. तरी मी ती मानते.

मराठी त्याला मी शिकवली. देवनागरी तो विद्यापीठात हिंदीच्या वर्गात शिकला, बोलायची हिंदी चहाच्या टपरीवर. पण मराठी माझी, आणि त्याचा मला असा काही ताठा होता की मी त्याला छडी दाखवत असे. चोवीस वर्षांचा ताडमाड माणूस आणि हातात फुटपट्टी घेतलेली दोन वेण्यांची मुलगी. पहिल्या धड्यात मी त्याला आमच्या घरचं राजकारण शिकवलं. 'सरकार', 'विरोधी पक्ष', 'राष्ट्रपती', 'प्रजा'. त्याला परराष्ट्र खातं दिलं. तो खूश. रोज संध्याकाळी जिन्याखालून हाक यायची, "शकू, सरकार स्थिर?" आणि मी वरून, "सरकार गंगेवर गेलंय, या!" पाच वर्षं हे चाललं. पदवी झाली, वरची पदवी झाली. थंडीत तो मलइयोचे, म्हणजे दुधाच्या केशरी फेसाचे, कुल्हड आणायचा, आम्ही गच्चीवर उन्हात बसून खायचो, आणि त्याच्या कायद्याच्या पुस्तकावर केशरी डाग पडायचे. आत्या त्याच्यासाठी दर श्रावणात अळू राखून ठेवायची. मग तो गेला. स्टेशनवर आत्याने त्याला दही-साखर दिली, आणि आपल्या हातून उष्टं खरकटं झालं तरी घरी येऊन आंघोळही केली नाही, हे आमच्या घरात जाहीर करण्याजोगं होतं.

त्याची पत्रं अण्णांना इंग्रजीत यायची आणि खाली माझ्यासाठी चार ओळी मराठीत. त्याची सगळी कारकीर्द मी त्या ताजा कलमांत वाचली. "आज पहिली केस. हरलो." मग, "आज एका बाईला तिच्या नवऱ्याच्या घरात राहायला मिळालं. तिने मला जिवंत कोंबडी दिली. आत्यांना सांगू नको." मग, "कोळणींचा वकील म्हणतात मला. कोर्टात माशांचा वास येतो, न्यायाधीश खिडकी उघडतात." मग, "निवडणूक लढतोय. आई प्रचाराला येते आणि माझ्याऐवजी स्वतःच भाषण करते." मग, "मी उपमंत्री झालो. खातं न्याय. गाडी आहे, पेट्रोल नाही." आणि शेवटी, "कायद्याचा मसुदा मांडला. नवरा गेला तर बायको-मुलांना राहत्या घरातून काढता येणार नाही. घरातली भांडीसुद्धा त्यांची. आत्यांना सांग, यादी केली." आत्याने ते पत्र देवापुढे ठेवलं. मंत्री होऊन त्याने काय मिळवलं असं मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की तो आत्याच्या एका वाक्याचा कायदा करायला गेला होता.

मग आत्या पडली. संकठा घाटाच्या पायऱ्यांवर, मंगळवारी सकाळी, अंघोळ करून ओल्या लुगड्याने वर चढताना. मांडीचं हाड मोडलं. चार माणसांनी खुर्चीवर बसवून गल्लीतून आणली आणि ती वाटेत प्रत्येकाला "नीट धर रे" म्हणून सूचना देत होती. प्लास्टर लागलं, तीन महिने खाट. किल्ल्या आईकडे आल्या. पहिल्याच आठवड्यात कांद्याची भजी झाली. आत आत्या कण्हत होती आणि बाहेर आम्ही भजी खात होतो. त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. मुलगा रेल्वेत, मूळचा आमच्यासारखाच काशीकर मराठी. मी कोजोदादाला पत्र लिहायला बसले.

अण्णा म्हणाले, "इंग्रजीत लिही. तिकडे हल्ली काहीतरी गडबड आहे म्हणे, पेपरात दोन ओळी होत्या."

"गडबड म्हणजे काय?"

"ते दोन ओळींत कसं कळणार?"

गडबड म्हणजे मला बसचा संप वाटला. शिवाय इंग्रजीत माझा विनोद जमत नसे. "विसरेल तो मराठी," मी म्हटलं, "मास्तरीणबाईंचं पत्र आहे, वाचू दे डोळे फाडून." आणि मी लिहिलं. ते पत्र मला अजून पाठ आहे, कारण पुढे ते आम्ही इतक्या वेळा लिहून काढलं:

"सन्माननीय परराष्ट्रमंत्री, अखेर सरकार पडलं! गेल्या मंगळवारी, घाटावर, भर लोकांत. विरोधी पक्षाने तासाभरात किल्ल्या ताब्यात घेतल्या. जुनं सरकार आतल्या खोलीत पडून आहे, हलू शकत नाही, पण आवाज शाबूत आहे, सावध राहावं लागतं. राष्ट्रपतींनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. प्रजा आनंदात आहे. तुम्ही तिकडे स्वस्थ काय बसलात? माघ महिन्यात या. तुम्ही आलात की उरलेलं काम उरकून टाकू."

उरलेलं काम म्हणजे माझं लग्न. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. ओळखू दे म्हटलं. फक्त शुभवार्तेचं पत्र म्हणून कागदाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं. पोस्टात जाताना मी स्वतःशीच हसत होते. पेटीजवळच्या पानवाल्याने विचारलंसुद्धा, "का हो बिटिया, लाटरी लगी है का?"

चार महिने काही आलं नाही. माझं लग्न झालं, पण सासर तीन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे मी निम्मा वेळ माहेरीच. एका दुपारी पोस्टमनने अण्णांना टाइप केलेलं इंग्रजी पत्र दिलं. कोजोदादाबरोबर वकिली करणाऱ्या एका माणसाचं होतं. अण्णांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. तिकडे सैन्याने सत्ता घेतली होती. विधानसभा बरखास्त, मसुदे बरखास्त. कोजोदादाला आधी सोडून दिलं होतं, तो पुन्हा काळा कोट घालून कोर्टात जायला लागला होता. मग माझं पत्र त्याच्या घरी पोचलं, ते त्याच्या आधी दुसऱ्यांनीच उघडलं. अनोळखी लिपी, कोपऱ्यात लाल बोट. त्याच्यावर खास न्यायासनापुढे खटला उभा राहिला होता. तुरुंगवास किती होईल ते या पत्राचा अर्थ काय लागतो त्यावर होतं. त्या शहरात ही भाषा वाचणारा एकच माणूस होता, आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यात होता. त्याला वाचायला सांगितलं. त्याने शब्दशः खरं भाषांतर केलं आणि पुढे म्हणाला, "इथे सरकार म्हणजे माझ्या गुरूंची बहीण. त्या पायऱ्यांवरून पडल्या." न्यायासनावरचे लोक हसले म्हणे. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की, शपथेवरचं भाषांतर ताबडतोब पाठवा.

अण्णा आणि मी टेबलाशी बसलो. मी म्हटलं, "सोपं आहे. 'सरकार'च्या जागी आत्या लिहा. माझी आत्या पडली. माझ्या आईने किल्ल्या घेतल्या. झालं."

"मुळात 'सरकार' आहे."

"पण अण्णा, खरं तर आत्याच आहे ना!"

"खरं टिपेत येईल. भाषांतरात मूळच आलं पाहिजे. उद्या त्यांनी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतलं आणि आपलं जुळलं नाही, तर कोजोराव खोटे ठरतील. सध्या त्यांच्याकडे एवढंच आहे की ते खरं बोलले."

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच मला ते सहन होईना. आम्ही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. द गव्हर्नमेंट हॅज फॉलन ॲट लास्ट. त्या 'अखेर'चं काय करायचं यावर एक सकाळ गेली. मी म्हणाले, तो गाळा. अण्णा म्हणाले, लिहिताना गाळायचा होतास. ते मला कधी लागेल असं बोलत नसत, तेवढं एकदाच बोलले आणि लगेच पाणी प्यायला उठले. शेवटी भाषांतर पाऊण पानाचं झालं आणि टिपा सहा पानांच्या. टीप एक : सरकार, म्हणजे निम्नस्वाक्षरीकाराची ज्येष्ठ भगिनी. टीप चार : किल्ल्या, म्हणजे कोठीच्या. टीप सात : लाल खूण, म्हणजे कुंकू, मंगल वार्तेचं चिन्ह. जितक्या टिपा वाढत गेल्या तितकं ते पत्र जास्त संशयास्पद दिसायला लागलं. माझा नवरा, ज्याने आयुष्यात रेल्वेच्या वेळापत्रकाखेरीज काही वाचलं नव्हतं, ते वाचून म्हणाला, "मला माहीत आहे म्हणून, नाहीतर मीसुद्धा आत टाकलं असतं."

आता पुरावा हवा होता. 'सरकार' खरोखर अस्तित्वात आहे आणि तिचा पाय मोडला आहे, याचं प्रतिज्ञापत्र. म्हणजे आत्याला सांगणं आलं. ती तेव्हा काठीने चालायला लागली होती. अण्णा सांगायला गेले ते दारातून परत आले. आई म्हणाली, "मी नाही बाई." मग मी गेले. सगळं सांगितलं, नऊ-दहा वर्षांचं. आत्या ऐकत होती. मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "मी पडले तेव्हा हसलात का गं?"

"नाही गं आत्या."

"भजी केली होतीत. वास येत होता मला."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सागरला मला मोठ्या जाऊबाई 'पाहुणी' म्हणायच्या. सरकार बरंय त्यापेक्षा." आणि हात पुढे केला. "आण तो कागद. वाचून दाखव मला, सोमनाथचं काय लिहिलंय त्यात."

आम्ही तिला सायकलरिक्षात बसवून कचहरीत नेलं. नोटरी पान चघळत कागद वाचू लागला. वाचता वाचता त्याचं चघळणं थांबलं. "शास्त्रीजी, इसमें लिखा है सरकार गिर गई. और आप कह रहे हैं बहनजी गिरीं?" अण्णा म्हणाले, "बहनजी ही सरकार हैं." त्याने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, कागद दूर सरकवला. "हम बाल-बच्चेदार आदमी हैं." तेव्हा आत्याने काठी टेबलावर ठेवली आणि बनारसी हिंदीत त्याला अशी झापली की शेजारचे दोन टायपिस्ट हात थांबवून बघत राहिले. तिने पायाच्या हाडाचा फोटो दाखवला, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली, आणि म्हणाली, "लिखिए. मैं ही सरकार हूँ. मैं गिरी थी." त्याने लिहिलं. तिने मोठ्या अक्षरात सही केली. येताना रिक्षात ती मला म्हणाली, "आता हे त्याला पोचेल ना गं वेळेत?" मी हो म्हटलं. मला काय ठाऊक होतं? पण त्या दिवशी आम्हाला सगळ्यांना वाटलं की काहीतरी केलं.

मग आम्ही वाट पाहिली. अण्णांनी दिल्लीला वकिलातीत पत्रं लिहिली. तिथून "आपले पत्र मिळाले" एवढं उत्तर यायचं, सुंदर कागदावर. मी संकठेला सोमवार बोलले, मग आठवलं की संकठेचा वार शुक्रवार, म्हणून शुक्रवारही बोलले. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की आत्या काठी ठोकत खिडकीशी यायची. तो खालूनच हात हलवायचा, नाही म्हणून. त्याचा तो हात अजून डोळ्यांपुढे येतो. आज माझी नात फोनवर दोन निळ्या खुणा आल्या नाहीत तर दहा मिनिटांत कासावीस होते. मी तिला काही म्हणत नाही.

अडीच महिन्यांनी त्या वकिलाचं दुसरं पत्र आलं. न्यायासनाला दुसरा वाचणारा सापडला होता. बंदरात कापडाचं दुकान असलेला एक हिंदुस्थानी व्यापारी. त्याला मराठी येत नव्हती, हिंदी येत होती. बिचारा घाबरलेला. जेवढे शब्द ओळखीचे होते तेवढेच त्याने वाचून दाखवले : सरकार. मंत्री. राष्ट्रपती. प्रजा. विरोधी. सावध. काम. मधलं काही त्याला लागलं नाही. आमचं पाकीट, अण्णांच्या सहा पानांच्या टिपांसकट, शिक्षा सुनावल्यानंतर नवव्या दिवशी पोचलं. बारा वर्षं. पाकीट फायलीत लावून घेतलं, असं कळवलं होतं.

अण्णांनी पत्र घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवलं. आई ओट्याशी गेली आणि भांडी घासायला लागली, जी घासलेलीच होती. आत्याने विचारलं, "बारा म्हणजे माझं वय किती होईल?" अण्णांनी सांगितलं. ती म्हणाली, "मग नाही." ती त्यानंतर सहा वर्षांनी गेली. किल्ल्या तिने परत घेतल्या नाहीत. आई द्यायची, ती म्हणायची, राहू दे. आम्ही घरात पुन्हा कधी कुणाला सरकार म्हटलं नाही, राष्ट्रपतीही म्हटलं नाही. वर्तमानपत्र वाचतानासुद्धा अण्णा तो शब्द जरा हळू उच्चारत.

मी त्याला पुन्हा लिहिलं नाही. आधी भीतीने, की आणखी वाढेल काहीतरी. मग लाजेने. लाज जुनी झाली की तिची सवय होते, आणि मुलं, सासू, बदल्या या सगळ्याखाली ती छान झाकली जाते. अधूनमधून उडत उडत कळायचं. त्या लष्करी लोकांनीच पुढे तो कायदा केला, जवळजवळ त्याच्याच शब्दांत, बायको-मुलांच्या घराचा, आणि त्याने तो कोठडीत वाचला. कोळणींना राहतं घर मिळालं. तो आतच होता. त्याची आई त्याच काळात गेली आणि त्याला मातीला जाऊ दिलं नाही. नऊ वर्षांनी माफी मिळून सुटला. पुन्हा काळा कोट, पुन्हा निवडणूक, एकदा हरला, दोनदा जिंकला, मग मंत्रिपद नको म्हणाला. हे सगळं सलग मला माझ्या नातीने या वर्षी तिच्या फोनवर शोधून वाचून दाखवलं. फोटोही दाखवला. केस पांढरेशुभ्र, आणि अजून तसाच, जिना चढून आल्यासारखा किंचित वाकलेला.

"आजी, त्याच्या मुलीचा नंबर आहे इथे. लावू?"

"नको."

"लावलाय."

मुलीने त्याला बोलावलं. एवढ्या वर्षांत मी जे सांगायचं जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. मी मराठीत म्हटलं, "कोजोदादा, मी शकू. माझं चुकलं." पलीकडे श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, नीट ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा तेच म्हटलं, सावकाश, एकेक शब्द सोडवून, लहानपणी त्याला शिकवायची तसं. मग तो बोलला, टपरीवरच्या त्याच्या जुन्या हिंदीत :

"शकू, मराठी अब हमसे नहीं होगी. वहाँ जेल में हर हफ्ते वही चिट्ठी सामने रख देते थे, कि पढ़ो, मतलब बताओ. तो हम बैठ के एक-एक अक्षर भूले. सबसे पहले ळ. अब तुम लिखोगी भी, तो हम सचमुच नहीं पढ़ पाएँगे."